चौथ्या जागेवरचा अणू

चकतीचा टवका उडाला होता तो कडेला, मध्ये नव्हता — हे तिनं काचेला नाक लावून तिसऱ्यांदा पाहून घेतलं. नखाएवढी चकती, काळी म्हणावी तर काळी नाही, करडी म्हणावी तर आरशासारखी चमकणारी, आणि लांबलचक पोलादी चिमट्याच्या दोन दातांत अशी धरलेली की जोरात श्वास टाकला तरी सुटेल असं वाटावं... श्वास तिथं पोचणारच नव्हता म्हणा. चकती होती कोठीच्या आत, जिथली हवा गेले तीन दिवस पंप ओढून काढत होते, आणि गेर्लिंडे होती बाहेर, जाड काचेच्या अलीकडे, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवून. पण चिमट्याचा दांडा तिच्या मुठीत होता, आणि मुठीचा जरासा धक्काही आत पोचत होता. ग्राझ शहरातल्या एका संशोधक बाईनं पाच महिने भट्टीत वाढवलेला हेमटाइटचा स्फटिक. दुसरा नव्हता. हा पडला तर कोठी उघडायची, म्हणजे पुन्हा हवा आत, पुन्हा सगळं यंत्र चांदीसारख्या कागदात गुंडाळून तीन दिवस भाजायचं, पुन्हा... नाही पडणार. सव्वीस वर्षं हा हात हेच करतो आहे.

"गेर्ली," मागून वेन्झेल म्हणाला, "आणखी थोडी पुढे सरकलीस तर स्फटिकाऐवजी तुझ्या नाकाचेच अणू दिसतील आपल्याला."

"गप्प बस रे."

"बसलोच आहे. रविवारी सकाळी बायको चर्चमध्ये गाते आहे, शेजारीपाजारी श्निट्झेल तळताहेत, आणि मी तळघरात गप्प बसलो आहे. माझ्या आईला हेच हवं होतं."

वेन्झेल कार्यशाळेतला, विजेची, तारांची कामं त्याची. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि आपण या प्रयोगशाळेत कुणाचंही भलं केलेलं नाही असं तो सर्वांना आवर्जून सांगत असे. यंत्राच्या अणू चाचपणाऱ्या सुईतून येणारा अगदी क्षीण विद्युतप्रवाह मोठा करून दाखवणारं नवं विद्युतमंडळ त्यानं महिनाभर खपून, स्वतःच्या हातानं डाख देऊन बनवलं होतं, आणि ते चालतं की नाही हे पाहायला आज आलोय, तुझ्या ठिपक्यांशी मला कर्तव्य नाही, असं त्यानं दारातच जाहीर केलं होतं.

चकतीनं खाच पकडली. तिनं चिमटा सोडवून मागे घेतला, दांडा अडकवून ठेवला आणि मग पहिल्यांदा पाठ सरळ केली. आता तासभर थांबायचं. चकती गार होऊ द्यायची, यंत्राच्या पोटातल्या द्रवरूप हेलियमनं तिच्यातली सगळी वळवळ काढून घ्यायची, अणू आपापल्या जागी स्वस्थ व्हायचे... रविवारच होता म्हणून हे जमत होतं. इतर दिवशी वर हजार पोरं जिन्यांवरून धावतात, लिफ्ट वरखाली होते, कोपऱ्यावरून मिनिटामिनिटाला ट्राम वळते, आणि तिच्या चाकांची कुरकुर जमिनीतून, खांबांतून, स्प्रिंगांवर टांगलेल्या यंत्रातूनही सुईच्या टोकापर्यंत येते. टोकावर तर एकच अणू. त्याला ट्राम म्हणजे भूकंप.

म्हणून रविवार. तीन वर्षांतले किती रविवार ते तिनं मोजले नव्हते. बहिणीनं मोजले होते. "जेवायला येतेस का, हे आता मी विचारत नाही," बुर्गी फोनवर म्हणायची, "तुझं ताट मांडते आणि मीच दोनदा खाते. बघ किती जाड झाले." गेर्लिंडे हसायची आणि काय करते आहे ते सांगायची नाही. कुणालाच सांगत नव्हती. मंडळ बनवून हवं म्हणून वेन्झेलला सांगावं लागलं, तेवढंच. कामाच्या नोंदवहीत ती या रविवारांसमोर 'देखभाल' असं लिहायची. देखभाल! त्रेपन्न वर्षांची बाई, आणि चोरून खाऊ खाल्ल्यासारखी चोरून मोजमापं घेते — स्वतःच्याच प्रयोगशाळेत, स्वतःच्याच लेखाविरुद्ध.

त्या लेखावर तिचं नाव तिसरं होतं.

बारा वर्षांपूर्वी याच तळघरात, एल्बा बेटावरच्या जुन्या खाणीतल्या हेमटाइटवर, तिनं ते ठिपके पहिल्यांदा पाहिले. लोहाचा ऑक्साइड, म्हणजे गंजाचाच सख्खा भाऊ. खाली लोहाचे आणि प्राणवायूचे अणू रांगेत बसलेले, शेतात लावलेल्या रोपांसारखे, आणि त्यांच्यावर मध्येच एक उजळ ठिपका. मग थोडं सोडून आणखी एक. तेव्हाची सुई आजच्याइतकी तीक्ष्ण नव्हती. रांगा पुसट दिसायच्या, अर्ध्याअधिक चित्रावर धुकं असायचं. पण ज्या भागात धुकं नव्हतं तिथं तिनं मोजलं होतं. प्रत्येक चौथ्या जागेवर एक. पुढच्या रांगेत दोन जागा सरकून पुन्हा प्रत्येक चौथ्या जागेवर एक. नागमोडी. तिनं ते प्रोफेसर लाइटगेब यांना दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, चित्र डोळ्यांशी नेलं आणि म्हणाले, "गेर्लिंडे, दगड खाणीतला आहे. त्याच्या पोटात पोटॅशियम आहे, कॅल्शियम आहे, आणखी काय काय असेल. तापवला की दुधावर साय यावी तशी सगळी घाण वर येते. तुम्ही सायीत नक्षी पाहता आहात."

आणि मग जर्मनीतल्या त्या गणितज्ञानं आकडेमोड करून पाठवली: चौथ्या जागेवर जादा लोह बसवलं तर असा पृष्ठभाग टिकूच शकत नाही, कोसळेल. कोसळेल! तिच्या डोळ्यांसमोर तर तो सहा दिवस टिकला होता... पण ते प्रोफेसरांचं शेवटचं वर्ष होतं, तो त्यांचा शेवटचा मोठा लेख होता, सगळ्यांना तो स्वच्छ हवा होता, पृष्ठभागही आणि लेखही, आणि अखेर त्यात एक वाक्य गेलं: तुरळक उजळ ठिपके ही नैसर्गिक दगडातल्या अशुद्धीची खूण आहे.

तुरळक. हा शब्द कुणाचा? लाइटगेबांनी 'काही' लिहिलं होतं. 'तुरळक' मी केलं. मला भाषा चांगली येते म्हणून माझ्याकडे शेवटचा हात फिरवायला दिलं होतं, आणि मी, जिनं मोजले होते, जिला ठाऊक होतं की ते तुरळक नाहीत, मीच तिथं तो शब्द बसवला. सफाईनं. वाचणाऱ्याला ठेच लागू नये म्हणून.

चारशेच्या वर लोकांनी त्या लेखाचा आधार घेतला. त्या पायावर पुढं आणखी लेख उभे राहिले. आणि चार वर्षांपूर्वी ओव्हिएदोहून एका मुलीचं पत्र आलं. नेरेआ तिचं नाव, पीएच.डी. करत होती. 'मी चकती चाळीस वेळा साफ केली. तुमच्या लेखात सांगितलं आहे तशीच. घाण जात नाही. माझे मार्गदर्शक म्हणतात मी निष्काळजी आहे. मला वाटतं ती घाण नसावी. तुम्हाला असं कधी वाटलं होतं का?'

तुम्हाला असं कधी वाटलं होतं का.

गेर्लिंडेनं उत्तर दिलं होतं. दोन ओळी. 'अधिक वेळ साफ करून पाहा. शुभेच्छा.'

...लहानपणी तिकडं पूर्व टिरोलमध्ये, घराच्या वरच्या उतारावर, तिनं एकदा बर्फात एक काळी रेघ पाहिली होती. आठनऊ वर्षांची असेल. ती बापाला म्हणाली, तिथं भेग आहे. बाप भुवयांवर हात धरून क्षणभर पाहून म्हणाला, सावली आहे ती. ती म्हणाली, हो, सावलीच असेल. चार दिवसांनी तिथून बर्फ सुटला आणि गवताची कोठी सपाट करून गेला. माणूस, जनावर कुणी नव्हतं तिथं. बापानं तो विषय काढला नाही. तिनंही नाही. पण ती रेघ सावली नव्हती हे तिला सांगण्याआधीच कळलेलं होतं आणि 'असेल' म्हणतानाही कळत होतं... हेच तर. तेच कोडं तिला कधी सुटलं नाही. डोळ्यांनी पाहिलेलं इतक्या सहज कसं सोडून देता येतं? कुणी मारलं नाही, दटावलं नाही. नुसतं एक वाक्य समोरून आलं की माझ्या तोंडून 'असेल' निघून जातं.

नेरेआचं दुसरं पत्र आलं नाही. सहा महिने गेर्लिंडे वाट पाहत राहिली, आपण वाट पाहतो आहोत हे स्वतःलाही न सांगता. मग एका रविवारी ती तळघरात आली आणि जुना एल्बाचा दगड काढून पहिल्यापासून सुरुवात केली. त्यावर ठिपके आले. मग ब्राझीलचा दगड आणवला. वेगळा डोंगर, वेगळी माती, पोटातली अशुद्धी वेगळी. त्यावरही तेच ठिपके. पण तोही अखेर खाणीतला दगडच. लाइटगेबांचा आवाज तिच्या कानात होताच: साय, गेर्लिंडे, साय. म्हणून हा तिसरा. हा डोंगरात जन्मलाच नव्हता. शुद्ध लोह, शुद्ध प्राणवायू, ग्राझची भट्टी. याच्या पोटात घाण नव्हतीच. यावर काही वर आलं नाही, तर बारा वर्षांपूर्वीचं ते वाक्य खरं. आणि आलं तर...

"साडेदहा," वेन्झेल म्हणाला. "गार झाली असेल तुझी राणी."

पहिलं चित्र फुकट गेलं. प्रत्येक ठिपक्याशेजारी त्याचं भूत. सुईच्या टोकावर एकाऐवजी दोन अणू पुढं आले होते. तिनं सुई अलगद पृष्ठभागाला टेकवून उचलली, टोक बदललं. दुसरं चित्र त्याहून वाईट. तिसऱ्यात मध्येच ट्राम आली. तीन ओळी उसळून गेल्या आणि वेन्झेलनं ट्राम कंपनीच्या आयामायांचा उद्धार केला. चौथ्या वेळी तिनं दोन तळहात मांड्यांवर पुसले, बाजूला तांब्याच्या तुकड्यावर नेऊन सुईच्या टोकाला एकच रेणू चिकटवला — हे कधी पहिल्या झटक्यात साधतं, कधी दिवस जातो, आज साधलं — आणि सुई पुन्हा चकतीवर आणून ती मागे टेकली.

चित्र खालून वर येतं. एकेक ओळ, सुई जाते, येते, आणि पडद्याच्या तळाशी राखाडी रंगाची एक दोऱ्याएवढी पट्टी वाढते. पूर्ण व्हायला नऊ मिनिटं. पहिल्या मिनिटात काहीच कळत नाही. दुसऱ्यात उंचसखल दिसू लागतं. तिनं हाताची घडी घातली. नंतर सोडली. पट्टी बोटभर झाली आणि तिच्यात रांगा दिसल्या — तिनं आयुष्यात इतक्या स्वच्छ रांगा पाहिल्या नव्हत्या, एकेक अणू सुटा, गोल, धुक्याचा मागमूस नाही — आणि रांगा रिकाम्या होत्या.

रिकाम्या. पहिली रांग रिकामी, दुसरी रिकामी... नुसते सरळ अणू, शिस्तीत, लेखात छापल्यासारखे. तर मग घाणच होती. बारा वर्षं, तीन दगड, आणि घाणच होती. लाइटगेबांचं बरोबर होतं, गणितज्ञाचं बरोबर होतं, आणि त्या मुलीला मी दिलेलं उत्तरही बरोबरच होतं... आणि या विचाराबरोबर, नवल म्हणजे, एक हलकेपणाही आला. सुटले! मी काही सोडून दिलं नव्हतं. सोडण्यासारखं काही नव्हतंच... त्या हलकेपणाची तिला किळस आली. इतकी, की तिनं खुर्ची पुढे ओढली. नाही. अजून सात मिनिटं आहेत. पूर्ण होऊ दे. जे आहे ते बघायचं.

मग एक पायरी आली. पृष्ठभागावरही पायऱ्या असतात, एका थरावरून दुसऱ्या थरावर चढणाऱ्या. चित्रात ती तिरपी काळी रेघ होऊन आली. खालचा तुकडा तापवताना पुरता तापला नसावा, जुन्याच थराचा एक लहानसा कोपरा राहून गेला असावा. आणि रेघेच्या वर, नव्या थराच्या पहिल्याच रांगेत, डाव्या कडेजवळ एक ठिपका उजळला.

वेन्झेल खुर्ची ओढून जवळ आला. पट्टी वाढत होती. एक, दोन, तीन मंद अणू, चौथा उजळ. एक, दोन, तीन, उजळ. रांग संपली. पुढची रांग सुरू झाली तेव्हा ती श्वास धरून होती, कारण आता इथं दोन जागा सरकायला हव्यात, सरकल्या नाहीत तर... सरकल्या. बरोबर दोन. मग त्यापुढची पहिलीसारखी. मग पुन्हा सरकून. नागमोडी, नागमोडी, वरपर्यंत, कुठं एकही चुकलेला नाही. थंडीत दिवे लागावेत तसे ते एकामागून एक लागत गेले.

"एक, दोन, तीन, चार," वेन्झेल हलक्या आवाजात मोजत होता, अस्सल व्हिएन्नी हेल काढून, बोट पडद्यावर टेकवून. "एक, दोन, तीन... गेर्ली, ही कसली घाण? ही तर माझ्या बायकोच्या चर्चमधल्या बाकांवर बसलेल्या बायकांसारखी आहे. एकमेकींपासून मोजून अंतर ठेवून."

"बोट काढ. डाग पडतो."

"माझं मंडळ चाललं, एवढं तरी म्हण."

"चाललं. वेन्झेल, तुझं मंडळ... फार सुंदर चाललं."

ती लगेच उठली नाही. सुई चकतीच्या पार दुसऱ्या टोकाला नेली, पुन्हा चित्र घेतलं. तिथंही तेच. तिसऱ्या ठिकाणीही तेच. साडेबारा वाजले, एक वाजून गेला. चौथं चित्र अर्ध्यावर असताना आपल्या गालांवर काहीतरी ओलं आहे हे तिच्या लक्षात आलं, आणि त्याच वेळी आपण हसतो आहोत हेही.

"हसतेस की रडतेस ते एकदा ठरव," वेन्झेल म्हणाला. "रुमाल द्यायचा की कॉफी, तेवढं मला कळू दे."

"दोन्ही दे."

त्यानं खरंच दोन्ही आणून दिलं. रुमालाला डाखाच्या धुराचा वास होता.

केवढं मोठं झाल्यासारखं वाटत होतं! छाती, खांदे, बसलेली खुर्ची, सगळंच. आपल्याला जगातली एक गोष्ट ठाऊक आहे, बोटाच्या नखाएवढ्या जागेवरची, आणि ती तशीच आहे. गणितज्ञ कोसळेल म्हणाला तरी ती तशीच होती, मी तुरळक लिहिलं तरी तशीच, एल्बात आणि ब्राझीलमध्ये आणि ग्राझच्या भट्टीत, कुणी बघो न बघो, एक, दोन, तीन, चार... तिला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. ती ओरडली नाही. तिनं संगणकावर नेरेआचं जुनं पत्र काढलं आणि एका दमात लिहिलं: 'तुम्ही विचारलं होतं की मला असं कधी वाटलं होतं का. हो. वाटलं होतं. मी ते तेव्हा लिहिलं नाही. ती घाण नाही. चित्र जोडलं आहे, मोजून पाहा.' आणि पाठवलं.

उत्तर अर्ध्या मिनिटात आलं. माणसाचं नव्हे, संगणकानं आपोआप धाडलेलं. हा पत्ता आता अस्तित्वात नाही.

ती त्या ओळीकडे बघत बसली. मग नंतर शोध घेता यावा म्हणून तिनं एका चिठोऱ्यावर त्या मुलीचं पूर्ण नाव लिहून पाकिटात ठेवलं, चार चित्रं कागदावर काढली आणि म्हणाली, "वर जाऊन येते."

"म्हातारा आहे आज?"

"रविवारी असतातच ते."

"जा. आणि आधी तोंड धू. रडून आलीस असं त्याला वाटायला नको."

लिफ्ट बंद होती. चार मजले. लाइटगेबांना निवृत्तीनंतरही कोपऱ्यातली एक खोली ठेवायला दिली होती. बायको गेल्यापासून ते रविवारी तिथंच येत, डब्यात केकचा तुकडा घेऊन. ऐंशी वर्षांचे. जिना चढताना ती जुनी भाषणं आठवू लागली; किती होती ती! अंघोळ करताना रचलेली, बसमध्ये रचलेली. प्रोफेसर, तुम्ही मला तेव्हा या खोलीत उभं केलंत. प्रोफेसर, तुम्ही पेन पुढं केलंत. दुसऱ्या मजल्यावर तिला त्यातलं एक पाठ होतं, तिसऱ्यावर धाप लागली, आणि चौथ्यावर पोचेपर्यंत तिच्याजवळ चार कागदांखेरीज काही उरलं नव्हतं.

"गेर्लिंडे! या, या. रविवारी देखभाल?"

"नाही," ती म्हणाली. "देखभाल नाही."

तिनं कागद टेबलावर ठेवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद डोळ्यांशी नेला. मग पेन्सिल घेतली आणि तिच्या बोथट टोकानं, कागदाला न लावता, मोजू लागले. ओठ हलत होते.

"दगड कुठला?"

"दगड नाही. ग्राझला वाढवलेला."

"पोटॅशियम?"

"तपासलं. नाही. कॅल्शियमही नाही."

"कितीदा तापवलात?"

"एल्बाचा आणि ब्राझीलचा दगड सहा-सहा वेळा. दर वेळी पुसून टाकलं, दर वेळी तेच परत आलं. याच्यावर आज पहिल्यांदाच. पण चार वेगळ्या ठिकाणी."

"पहिल्यांदाच," ते म्हणाले. "मग अजून पाच वेळा."

"हो. करणारच आहे."

"आणि हा खालचा कोपरा? इथं नाहीत."

"तिथं जुना थर उरलाय असं मला वाटतं. पण ते अजून सिद्ध नाही."

त्यांनी मान हलवली. पुन्हा चित्राकडे पाहिलं. ती वाट पाहत होती. आता ते म्हणतील, साय.

"सुंदर आहे," लाइटगेब म्हणाले. "अरे देवा, किती सुंदर आहे हे. आणि मी याला घाण म्हणालो." त्यांनी चष्मा खाली घेतला आणि तिच्याकडे पाहिलं, डोळे लाल झाले होते. "एक सांगा. तुम्हाला तेव्हाही हे दिसलं होतं. मग तुम्ही सही का केलीत?"

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"तुम्ही... तुम्ही पेन पुढं केलंत, प्रोफेसर."

"मी? मी तुम्हाला शुक्रवारी मसुदा दिला आणि म्हणालो, सोमवारपर्यंत विचार करा, पटत नसेल तर आपण सहा महिने थांबू. माझी निवृत्ती काही लेखावर अडली नव्हती. मला वाटलं होतं तुम्ही भांडायला याल. मी तर शनिवारी इथंच बसून होतो, तुम्ही काय काय म्हणाल ते मनात धरून. आणि तुम्ही तर शुक्रवारी संध्याकाळीच सही करून कागद माझ्या टपालपेटीत टाकून गेलात. शिवाय त्यातला एक शब्द सुधारून."

ती म्हणणार होती, नाही, असं नव्हतं. बारा वर्षं तिच्या आठवणीत ही खोली होती, हे टेबल, तिच्यासमोर धरलेलं काळं पेन आणि त्यामागे ते उभे. पण पेन काळं होतं की निळं हे आठवायला गेली तर पेनच नाहीसं झालं, आणि त्या जागी आला तो तळमजल्यावरच्या पेट्यांसमोरचा दिवा, संध्याकाळचे चार, कागद आत सरकवताना बोटाला लागलेली पत्र्याची थंड कड. आपण किती घाईत होतो! सोमवार यायच्या आत. कुणी काही विचारायच्या आत.

म्हणजे कुणीच नव्हतं तिथं. मी एकटीच होते.

हे बोचायला हवं होतं, आणि बोचलंही. पण त्या बोचण्याच्या पाठोपाठ काहीतरी अफाट मोकळं उघडलं, डोंगराच्या खिंडीतून बाहेर पडल्यावर समोरचं सगळं एकदम दिसावं तसं. दुसऱ्यानं हिरावून घेतलं असतं तर त्यानं परत देईपर्यंत वाट पाहावी लागली असती. मीच सोडलं होतं. मग उचलायलाही मीच पुरेशी होते. आणि उचललं की! तीन वर्षं, रविवारमागून रविवार, कुणाला न विचारता.

"भीती वाटली होती," ती म्हणाली. साधं वाक्य. उच्चारायला अगदी सोपं निघालं.

"माझी?"

"तुमची नाही. मला वाटायचं तुमची. नाही... मला दिसलेलं फक्त मलाच दिसलंय, याची."

लाइटगेबांनी डबा उघडला, केकचा तुकडा सुरीनं बरोबर मधोमध कापला आणि अर्धा तिच्यापुढे सरकवला. तिनं उभ्याउभ्याच तो तीन घासांत संपवला आणि बोटांवरची साखर चाटली.

"नवा लेख लिहाल," ते म्हणाले. "आपला जुना चुकला असं स्पष्ट लिहा. गुळगुळीत करू नका. आणि..." ते घुटमळले. ऐंशी वर्षांचा चेहरा एकदम पोरासारखा झाला. "त्यावर माझं नाव घालाल का? शेवटी, अगदी शेवटी. स्वतःला खोटं पाडणाऱ्या लेखावर नाव असावं असं... म्हणजे तुम्हाला योग्य वाटलं तर."

बाहेर दुपारचं ऊन होतं, नोव्हेंबरचं, फिकट. कुठल्याशा घरातून तळणाचा वास वर येत होता. ती त्या प्रश्नाचं काय करायचं ते पाहू लागली, आणि उत्तर काही येईना. येईना तर न येवो, असं तिला वाटलं. नावाआधी त्यांच्या हातातल्या कागदावरचं ते सगळं होतं. चौथ्या जागेवर लोह बसतं. गणित म्हणतं कोसळेल. ते कोसळत नाही. का?

"ते टिकतं कसं, ते अजून कुणालाच माहीत नाही," ती म्हणाली आणि त्यांच्या हातातून चित्र काढून घेऊन खिडकीशी गेली, उजेडात. "आकडेमोडीत त्या गणितज्ञानं खालचा थर हलू दिला नव्हता, गोठवून ठेवला होता, आठवतं? पण हे बघा, उजळ ठिपक्याच्या दोन्ही बाजूंचे हे दोन जरा आत सरकलेत. म्हणजे वरच्याला जागा करून द्यायला खालचे हलतात. मला वाटतं भार वाटून घेतला जातोय, चार-चारांत. चूक असेल. पण मला असं दिसतंय, आणि दिसतंय तोवर मी असंच म्हणणार..."

ती बोलत राहिली. थर, अंतरं, पुढचे पाच प्रयोग, सगळं मोठ्यानं, हात हलवत, काचेवर बोटानं रांगा काढत. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं की आपली पाठ प्रोफेसरांकडे आहे, आणि आपलं म्हणणं त्यांना पटतं आहे की नाही हे पाहायला आपण इतक्या वेळात एकदाही वळलेलो नाही.